लॉबीतला हेलिक्स आणि चढणारा पिंग: रॅम घ्यायच्या आधी इफेक्ट मोजा

"टीपीएस २० दाखवतोय, तरी लॉबीत पंधरा-वीस जण जमले की सगळ्यांचा पिंग चढतो, आणि होस्टिंगवाले म्हणतात रॅम वाढवा." लॉबीत प्रत्येक खेळाडूभोवती हेलिक्स, म्हणजे ठिपक्यांचा मळसूत्री इफेक्ट, फिरवण्याबद्दलच्या तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं (टीपीएस म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती टिक, म्हणजे कामाचे फेरे, पुरे करतो तो आकडा, २० म्हणजे ठणठणीत; पिंग म्हणजे खेळाडू आणि सर्व्हरमध्ये निरोप पोचायचा वेळ) आणि राहवलं नाही. अगदी हेच माझ्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर झालं होतं आणि त्यात माझे तीन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

इफेक्टलिब ही इफेक्ट काढणारी लायब्ररी तुमच्या प्लगिनमध्ये शेड कशी करायची (म्हणजे आत बांधायची), तिचे इफेक्ट चालवणारा इफेक्टमॅनेजर कुठे बनवायचा, हे तुम्हाला जमलेलंच आहे, नाहीतर हेलिक्स दिसलाच नसता. ते सोडून देतो.

आधी हिशोब. तुम्ही लिहिलंय की दर टिकला हेलिक्सचे ५० ठिपके काढता. प्रत्येक ठिपका म्हणजे एक वेगळं पॅकेट, सर्व्हरने खेळाडूच्या मशीनला पाठवलेला एक निरोप. सेकंदाला २० टिक, म्हणजे एका हेलिक्सपायी बघणाऱ्या एका खेळाडूकडे सेकंदाला १,००० पॅकेटं जातात. लॉबीत २० जण, प्रत्येकाभोवती हेलिक्स, सगळे एकमेकांपासून ३२ ब्लॉकच्या, म्हणजे ठिपके दिसण्याच्या अंतराच्या, आत. २० गुणिले २० गुणिले १,०००, झाली ४ लाख पॅकेटं दर सेकंदाला. एक पॅकेट साधारण ५० बाइटचं धरा, ठिपक्याची जागा सांगणाऱ्या एकट्या एक्स-वाय-झेडलाच २४ बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला २ कोटी बाइट, १६० मेगाबिट. आणि इतकी छोटी पॅकेटं कॉम्प्रेसही होत नाहीत, कारण सर्व्हर प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमधली कॉम्प्रेशनची मर्यादा मुळात २५६ बाइट असते. यात रॅमचा संबंध येतोच कुठे? टीपीएस बिचारा २० च दाखवणार. इफेक्टलिबचं गणित मुळात असिंक्रोनस, म्हणजे मुख्य टिकच्या बाहेर, चालतं आणि पॅकेटं बाहेर ढकलायचं काम नेटवर्कच्या वेगळ्या थ्रेडवर होतं. गुदमरतं ते नेट आणि खेळाडूचं ग्राफिक्स.

पण माझा हेलिक्स तुमच्याइतका जड नव्हता. दोन टिकला एकदा, २० ठिपके, म्हणजे सेकंदाला २००. तरीही पिंग चढायचा, आणि म्हणूनच मला वाटतं की तुमच्याकडेही माझीच चूक असणार.

मी प्लेअरजॉइनच्या, म्हणजे खेळाडू आत आल्याच्या, इव्हेंटमध्ये हेलिक्स सुरू करत होतो, इटरेशन्स (किती वेळा चालवायचं) उणे १ ठेवून, म्हणजे कधीच न संपणारा. खेळाडू गेला की इफेक्टही जाईल असं मी गृहीत धरलं होतं. तो जात नाही. 'डिसअपिअर विथ ओरिजिन एन्टिटी' (मूळ खेळाडूसोबत गायब हो) नावाचं एक बूलियन, म्हणजे हो-नाही सेटिंग, आहे, ते मुळात फॉल्स, म्हणजे बंद, असतं. लायब्ररीची यात काही चूक नाही, माणूस मेल्यावरही त्या जागी इफेक्ट चालू राहायला हवा असणारे लोक असतातच. माझ्याकडे मात्र खेळाडू बाहेर पडला की त्याचा हेलिक्स त्याच्या शेवटच्या जागी फिरत राहायचा, आणि तो परत आला की दुसरा सुरू व्हायचा. बहुतेक पोरं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळायची, त्यामुळे एकेक जण संध्याकाळभरात पाच-सहा वेळा आत-बाहेर.

मला हे दिसलं का नाही? टेस्ट सर्व्हरवर मी एकटा असायचो. आणि खऱ्या सर्व्हरवर जुन्या लॅपटॉपवरून यायचो, ज्यात पार्टिकल्सची (कणांची) सेटिंग 'मिनिमल', म्हणजे कमीत कमी दाखवा, अशी होती. एका मुलाने स्पॉनबद्दल, म्हणजे खेळाडू आत येतात त्या जागेबद्दल, दोनदा सांगितलं होतं, "दादा, स्पॉनवर कोणी नसताना पण लाल गोल फिरतात." मी त्याला मॉड काढून बघायला सांगितलं. त्या पोराचं म्हणणं तेव्हाच ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. याची टोचणी अजून आहे.

त्याऐवजी मी होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाकलं. नाव घेत नाही. उत्तर आलं: ४ जीबी कमी पडतेय, ८ घ्या. घेतली. पहाटे पाचला सर्व्हर रीस्टार्ट व्हायचा, साचलेले हेलिक्स जायचे, सकाळ छान जायची, संध्याकाळी पुन्हा तेच. दुसरं तिकीट, उत्तर: १२ घ्या. तीही घेतली. तिसऱ्या वेळी मी स्पार्क या सर्व्हरचा वेग मोजणाऱ्या प्लगिनचा रिपोर्ट जोडला, त्यात मेमरी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती आणि टिकचा वेळ ५० मिलिसेकंदांच्या मर्यादेच्या खूप आत होता. उत्तर तेच, शब्दसुद्धा तेच, फक्त आकडा १६ झाला. माझ्या सर्व्हरमधून बाहेर किती ट्रॅफिक जातंय एवढं एकदा सांगितलं असतं तरी दहा मिनिटांत उलगडा झाला असता. तो ग्राफ त्यांच्याकडे होता, माझ्या पॅनेलवर नव्हता. तीन महिने जादा भाडं भरलं आणि तोवर निम्मी पोरं दुसरीकडे गेली. सगळेच होस्ट असे असतात असं म्हणत नाही, पण रिपोर्ट न उघडता दिलेला सल्ला मी आता मानत नाही.

शेवटी मीच एक छोटी कमांड लिहिली: चालू इफेक्ट किती, ऑनलाइन खेळाडू किती. उत्तर आलं, खेळाडू १७, इफेक्ट २३१. म्हणजे स्पॉनवर उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे सेकंदाला ४६ हजारांवर पॅकेटं.

तुम्हीही आधी तेवढंच करा. खेळाडूच्या यूयूआयडीवरून, म्हणजे कायमच्या ओळख क्रमांकावरून, इफेक्टचा एक मॅप, म्हणजे कोणाचा कोणता याची यादी, ठेवा (प्लेअर ऑब्जेक्ट साठवू नका, परत लॉगिन केलं की तो नवा असतो). जॉइनवर जुना असेल तर रद्द करून मगच नवा, क्विटवर, म्हणजे बाहेर पडताना, रद्द आणि मॅपमधून काढणं, शिवाय ते बूलियन ट्रू. ऑनडिसेबलमध्ये, म्हणजे प्लगिन बंद होताना, इफेक्टमॅनेजरचं डिस्पोज (सगळं आवरणं) विसरू नका.

मग ठिपके कमी करा. ५० ची गरज नाही, १२-१५ ठिपके चार टिकला एकदा काढले तरी डोळ्याला हेलिक्सच दिसतो, कारण कण थोडा वेळ हवेत टिकतात. हे माझं मत आहे, तुमच्या कणाच्या आयुष्यावर अवलंबून आहे. धूर किंवा ढगासारखं काही हवं असेल तर मात्र लूप लावूच नका. काउंट (कणांची संख्या) ३० आणि ऑफसेट (पसारा) दिला की एकाच पॅकेटमध्ये काम होतं, पसरवण्याचं काम क्लायंट करतो. काउंट शून्य दिला तर ऑफसेटचा अर्थ दिशा असा होतो, यात बरेच जण फसतात.

कण जबरदस्तीने दाखवणारं फोर्स हे सेटिंग ट्रू करू नका, कृपा करून. त्याने अंतर ३२ ऐवजी ५१२ ब्लॉक होतं आणि ज्याने मुद्दाम 'मिनिमल' ठेवलंय त्याच्याही माथी कण मारले जातात. कमजोर मशीनवर खेळणाऱ्या पोरांवर हा अन्याय आहे. पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरवर असाल तर त्याच्या पार्टिकलबिल्डरमध्ये रिसीव्हर्सला (कण कोणाला पाठवायचे त्याला) १६ ब्लॉक द्या, लॉबीला पुरतात.

विषय निघालाच आहे तर: जुनं प्लगिन माइनक्राफ्ट १.२०.५ किंवा पुढे नेताना 'नो सच फील्ड' एरर आली तर घाबरू नका, पार्टिकल्सची नावं तिथे बदलली. रेडस्टोनचं डस्ट झालं, व्हिलेजर हॅपीचं हॅपी व्हिलेजर. आणि शेड करताना लायब्ररीचं पॅकेज रीलोकेट करा, म्हणजे वेगळ्या नावाखाली हलवा, नाहीतर दुसऱ्या प्लगिनमधल्या जुन्या प्रतीशी टक्कर होते.

मी जावा शिकवणारा माणूस नाही, एका छोट्या सर्व्हरपुरता अनुभव आहे, आणि फोलिया या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर यातलं काही तपासलेलं नाही. तुमचा जॉइन आणि क्विटचा कोड जसाच्या तसा टाका, सोबत त्या कमांडचे दोन आकडे संध्याकाळी सात वाजताचे. रात्री दहानंतर मी असतो, बघून सांगतो. तोवर जादा रॅमचे पैसे भरू नका.