बागेतले प्रश्न: ऊन चढायला लागलंय, आता काय करू?

प्रश्न: उन्हाळा आत्ता कुठे सुरू होतोय तरी कुंडीतली झाडं दुपारी माना टाकतात, म्हणून मी दोन्ही वेळा पाणी घालते, तर आता खालची पानं पिवळी पडायला लागलीत. खत कमी पडतंय का?

उत्तर: खताला आत्ता हात लावू नका, आणि दुपारी मान टाकली म्हणून लगेच नळीही उचलू नका. कडक उन्हात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत, मग माती ओली असली तरी पानं लोंबतात आणि ऊन उतरलं की परत ताठ होतात. संध्याकाळीही तशीच राहिली तर मात्र बघायला हवं. बोट दोन इंच मातीत खुपसा, आत गार-ओलं लागलं तर पाणी नको, कारण सतत चिखल राहिला की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पिवळी पानं बहुतेक त्यामुळेच. माती हाताला ओलसर लागते पण चिकटत नाही, तो वाफसा, तेवढाच टिकवायचा. याच्या उलटही होतं बरं का, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा खडखडीत वाळलं की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं भरपूर घातलं. अशी कुंडी पाणी भरलेल्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

प्रश्न: टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतोय. अंड्याची टरफलं घातली, फरक नाही.

उत्तर: पडणारही नाही, निदान या मोसमात तरी, टरफलं कुजायला फार वेळ लागतो. तो डाग फळात कॅल्शियम कमी पोचल्याने पडतो हे खरं, पण मातीत ते बहुतेक वेळा असतंच, ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी आज धो-धो, मग दोन दिवस काहीच नाही असं झालं की पुरवठा तुटतो. सकाळी लवकर, नेमाने पाणी द्या आणि वर दोन इंच वाळका पाला पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, खोड सडतं. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. आणि पुढे पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतील, तेव्हा घाबरून खत ओतू नका, दुपारपुरती शेडनेट बांधा.

प्रश्न: गुलाबाची छाटणी आता करू का?

उत्तर: मोठी नको. सुकलेली फुलं तेवढी काढा, फुलाखाली पाच छोट्या पानांनी मिळून झालेलं पहिलं धड पान दिसेल त्याच्या जरा वर कापा. बस.

प्रश्न: वांग्याच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आलेत, किडा तर दिसत नाही.

उत्तर: पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे, पानांतला रस शोषणारा अगदी बारीक जीव. कोरडी गरम हवा त्याला फार मानवते, आठवडाभरात नवी पिढी तयार. हा कीटक नाही त्यामुळे साधी कीटकनाशकं बऱ्याचदा याच्यावर चालत नाहीत, उलट याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि हा आणखी माजतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, एक दिवसाआड. तरी हटला नाही तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण, आधी एका पानावर मारून बघा आणि ऊन उतरल्यावरच फवारा, भर उन्हात मारलंत तर पानं करपतील.