पडद्यावरचा संदेश नेमका कोणाचा आहे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विंडोजवर तुम्ही पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवली आणि नोटपॅडमध्ये दुधाच्या महिन्याच्या हिशोबाचा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून तो डी ड्राइव्हवरच्या 'सराव' या फोल्डरमध्ये 'दूध डॉट पीवाय' या नावाने ठेवला. फाइलवर डबल-क्लिक केले की काळी खिडकी उघडते, लिटर विचारते, दर विचारते आणि दर टाकून एंटर दाबताच नाहीशी होते. म्हणून तुम्ही कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी, उघडून 'पायथन दूध डॉट पीवाय' असे टाइप केले, तर 'पायथन वॉज नॉट फाउंड' अशी सुरुवात असलेला आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे बोट दाखवणारा संदेश आला. मित्राने सगळे काढून पुन्हा बसवायला सांगितले आहे. ते कृपया करू नका. तुमचे पायथन व्यवस्थित बसलेले आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच वर्णनात आहे: डबल-क्लिक केल्यावर प्रोग्रॅम दोन प्रश्न विचारतो, म्हणजे ती फाइल वाचून चालवणारे पायथन संगणकावर असलेच पाहिजे.

एक सूचना आधी देतो. या उत्तरात मी सगळ्या आज्ञा आणि नावे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत टाइप करावीत आणि 'डॉट' म्हटले आहे तिथे टिंब द्यावे.

मी बरीच वर्षे नवशिक्यांना शिकवतो आहे. त्यांची अडचण बहुधा प्रोग्रॅम लिहिण्यात नसते. पडद्यावर आलेला संदेश कोणी दिला आहे हे त्यांना कळत नाही, आणि मग एकाच्या चुकीवर दुसऱ्याचा इलाज केला जातो. त्या काळ्या खिडकीत तुमच्याशी निदान तिघे जण आळीपाळीने बोलत असतात. पहिला कमांड प्रॉम्प्ट स्वतः, ज्याला शेल म्हणतात: तो तुमची ओळ वाचतो, तिचा पहिला शब्द सुटा करतो आणि त्या नावाचा प्रोग्रॅम शोधून त्याला उरलेली ओळ देतो. दुसरे पायथन, ज्याला 'दूध डॉट पीवाय' हे नाव मिळते आणि जे ती फाइल शोधून उघडते. तिसरा तुमचा प्रोग्रॅम. तिघांची अक्षरे एकाच रंगाची, एकाच खिडकीत येतात, त्यामुळे सगळे एकाच यंत्राचे बोलणे वाटते.

आता तुमचा संदेश पाहू. शेलला एखादे नाव सापडले नाही, तर 'इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' असे तो म्हणतो. तुम्हाला ते वाक्य आलेले नाही. २०१९ च्या मे महिन्यातील अद्ययावत आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये 'पायथन' याच नावाची एक छोटी फाइल आधीपासून ठेवलेली असते आणि विंडोज ११ मध्येही ती आहे. तिचे काम एवढेच की कोणी 'पायथन' असे टाइप केले, तर त्याला स्टोअरकडे पाठवायचे. शेलने नाव शोधले, त्याला ही फाइल सापडली, आणि तो संदेश तिने दिला. खऱ्या पायथनपर्यंत तुमची हाक पोचलेलीच नाही.

ती का पोचली नाही? शेल संपूर्ण संगणक धुंडाळत नाही. पाथ नावाची फोल्डरांची एक यादी असते, अर्धविरामांनी वेगळी केलेली, आणि कमांड प्रॉम्प्ट आधी चालू फोल्डरमध्ये व मग त्या यादीतील फोल्डरांत क्रमाने शोधतो. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेला इन्स्टॉलर चालवताना पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी, पायथनला पाथमध्ये घालण्याचा एक चौकोन असतो आणि तो आपोआप भरलेला नसतो. बहुतेक जण वरचे मोठे बटण दाबून पुढे जातात. मग पायथनचे फोल्डर यादीत येत नाही, पण विंडोजने ठेवलेल्या त्या फाइलचे फोल्डर मात्र असते.

यावर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे 'पायथन' ऐवजी नुसते 'पीवाय' ही दोन अक्षरे टाइप करणे. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून विंडोजवर या नावाचा लाँचर सोबत मिळतो; तो पायथनची योग्य आवृत्ती शोधून तिच्याकडे फाइल सोपवतो आणि पाथचा तो चौकोन भरला नसला तरी बहुधा चालतो. डबल-क्लिकही बहुतेक संगणकांवर त्याच्याच हातून होते. आधी 'पीवाय' लिहून, एक जागा सोडून, दोन आडव्या रेघांना जोडून 'व्हर्जन' हा शब्द टाइप करा. आवृत्तीचा क्रमांक आला की पहिला टप्पा पार पडला. 'पायथन' हेच नाव वापरायचे असेल, तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा आणि पुढच्या पडद्यांवर शोधून पाथचा चौकोन भरा. मात्र त्यानंतर जुनी खिडकी बंद करून नवी उघडा. उघडी असलेली खिडकी तिच्या जन्माच्या वेळची यादीच धरून बसते. हे मला कोणी सांगितले नव्हते. विद्यार्थी असताना जावा या दुसऱ्या भाषेसाठी पाथ मी पहिल्याच प्रयत्नात बरोबर बदलला होता, पण तपासत राहिलो जुन्याच खिडकीत, आणि त्या पायी दोन दिवसांत तीनदा जावा पुन्हा बसवले.

शेल पायथनपर्यंत पोचला, की पुढचा प्रश्न फाइलचा. कमांड प्रॉम्प्ट उघडतो तेव्हा तुम्ही सहसा सी ड्राइव्हवरील तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असता; तुम्ही टाइप करता त्या जागेच्या आधी लिहिलेला पत्ता म्हणजे ते चालू फोल्डर. तुमची फाइल डी ड्राइव्हवर आहे. तिथून 'पीवाय दूध डॉट पीवाय' म्हटले तर 'कान्ट ओपन फाइल' आणि शेवटी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा संदेश येईल. हे पायथन बोलते आहे, आणि त्याचे बोलणे आनंदाने ऐकावे, कारण शेलचा टप्पा ओलांडल्याची ती पावती आहे. हल्लीच्या आवृत्त्या या संदेशात फाइलचा संपूर्ण पत्ता छापतात. तो पत्ता वाचा. पायथनने फाइल कुठे शोधली ते तिथे स्पष्ट दिसते.

फोल्डर बदलण्याची आज्ञा 'सीडी' आहे, पण तुमच्या बाबतीत तिच्यात एक खाच आहे. सी ड्राइव्हवर असताना 'सीडी' पुढे डी ड्राइव्हवरील पत्ता दिला, तर काही चुकल्याचा संदेश येत नाही आणि तुम्ही जागचे हलतही नाही. विंडोज प्रत्येक ड्राइव्हचे चालू फोल्डर वेगळे लक्षात ठेवते. त्या आज्ञेने डीचे चालू फोल्डर बदलते, तुम्ही मात्र सीवरच राहता. 'सीडी' नंतर जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ व तिला जोडून 'डी' हे अक्षर, आणि मग पत्ता दिला, तर ड्राइव्हही बदलतो. त्याहून सोपी रीत म्हणजे 'सराव' फोल्डर नेहमीसारखे उघडा, वर पत्ता दिसतो त्या पट्टीत क्लिक करून तिथे 'सीएमडी' टाइप करा आणि एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट थेट त्याच फोल्डरमध्ये उघडतो.

तिथे गेल्यावर 'डीआयआर' ही आज्ञा द्या. ती फोल्डरमधील फाइलींची नावे शेपटासकट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांसकट, दाखवते. विंडोज फोल्डरच्या खिडकीत ओळखीची शेपटे लपवते, आणि नोटपॅड बेसावध क्षणी 'दूध डॉट पीवाय' च्या पुढे 'डॉट टीएक्सटी' जोडून मोकळे होते. वरून पाहता नाव बरोबर दिसते, पायथनला मात्र त्या नावाची फाइल सापडत नाही. तुमची फाइल डबल-क्लिकने चालते, त्यामुळे तुमच्याकडे हे झालेले नाही, पण पुढच्या फाइलला होऊ शकते. सेव्ह करताना प्रकाराच्या यादीतून 'ऑल फाइल्स' निवडावे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा, नाहीतर मोकळ्या जागेपाशी त्याचे तुकडे होतात. नाव पूर्ण टाइप करण्याचीही गरज नाही: पहिली दोन अक्षरे लिहून टॅब दाबा, फाइल तिथे असेल तर शेल नाव पुरे करतो. टॅबने नाव पुरे झाले नाही तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात, हेही तिथेच कळते.

आता तिसरा बोलणारा, तुमचा प्रोग्रॅम. 'पीवाय दूध डॉट पीवाय' दिल्यावर तो लिटर विचारेल, दीड टाका. दर विचारेल, ६४ टाका. त्यानंतर बिल येणार नाही. 'ट्रेसबॅक' या शब्दाने सुरू होणाऱ्या काही ओळी येतील, त्यांत 'लाइन ३' असेल आणि अखेरीस 'टाइप एरर: कान्ट मल्टिप्लाय सीक्वेन्स बाय नॉन-इंट'. हा मजकूर नेहमी खालून वर वाचावा: शेवटची ओळ काय झाले ते सांगते आणि तिच्या वरच्या ओळी कुठे झाले ते. तिसऱ्या ओळीत तुम्ही लिटर, दर आणि ३० यांचा गुणाकार करता. प्रश्न विचारून उत्तर घेणारी 'इनपुट' ही आज्ञा मात्र जे काही देते ते अक्षरांच्या रूपात देते, आकडा म्हणून देत नाही, आणि अक्षरांच्या दोन माळांचा गुणाकार होऊ शकत नाही. पहिल्या दोन्ही ओळींत 'इनपुट' भोवती अक्षरांचा आकडा करणारे 'फ्लोट' आणि कंस घाला, की बिल २८८०.० असे येईल. जाता जाता एक गोष्ट सांगतो, जी मला फार आवडते: 'फ्लोट' ला '१.५' हे देवनागरी अंकांत दिले तरी ते बरोबर ओळखते.

म्हणजे ती काळी खिडकी दर टाकताच नाहीशी होत होती, तेव्हा प्रोग्रॅम तिसऱ्या ओळीवर कोसळत होता आणि त्याने दिलेला संदेश वाचायला तुम्हाला वेळच मिळत नव्हता. अशा वेळी प्रोग्रॅमच्या शेवटी आणखी एक 'इनपुट' टाकून खिडकी थोपवून धरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तो निरुपयोगी ठरला असता, कारण चौथ्या ओळीपर्यंतसुद्धा प्रोग्रॅम पोचत नव्हता, मग पाचवीचे काय? कमांड प्रॉम्प्ट प्रोग्रॅम संपल्यावरही उघडा राहतो आणि झालेले सगळे बोलणे समोर ठेवतो. पहिला प्रोग्रॅम इथूनच चालवावा, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

आणखी एका ठिकाणी बोलणारा ओळखण्यात फसगत होते. नुसते 'पीवाय' टाइप करून एंटर दाबले, तर तीन कोनांची खूण येते. त्या क्षणापासून तुम्ही शेलशी बोलत नसून पायथनशी बोलता. तिथे 'पीवाय दूध डॉट पीवाय' ही ओळ दिली तर 'सिंटॅक्स एरर' येते, कारण ती शेलची भाषा आहे. 'एक्झिट' आणि पुढे रिकामा कंस लिहून बाहेर पडा. 'सिंटॅक्स एरर' फाइल चालवताना आली आणि तिच्यात एखादे अवतरणचिन्ह अमान्य असल्याचे लिहिलेले असेल, तर तो कोड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्ड फाइलमधून उचललेला असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे सरळ अवतरणचिन्हे पुष्कळदा वळणदार होतात. ती हाताने पुन्हा टाइप करावीत.

मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांना यातील बहुतेक सारे लागू आहे, फक्त 'डीआयआर' च्या जागी 'एलएस' आणि 'पीवाय' च्या जागी 'पायथन३' म्हणावे. मॅकओएस १२.३ मधून जुने पायथन २ काढून टाकल्यापासून तिथे नुसते 'पायथन' सहसा सापडत नाही.

तुमच्या प्रोग्रॅमने 'महिन्याचे बिल' हे शब्द मराठीत छापले आणि जुन्या पद्धतीच्या खिडकीत त्यांच्या जागी चौकोन दिसले, तर कोडला हात लावू नका. त्या खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज टर्मिनल या नव्या पद्धतीच्या खिडकीत अक्षरे दिसतात, मात्र मात्रा आणि जोडाक्षरे कधी कधी विस्कटतात. हिशोब फाइलमध्ये साठवून पाहणे अधिक बरे. प्रश्न विचारण्याऐवजी पायथनसोबतच येणाऱ्या 'सिस' या मॉड्यूलमधील, म्हणजे तयार कोडच्या संचातील, 'आर्गव्ही' या यादीतून आकडे घ्या: तिच्यात शून्याव्या जागी फाइलचे नाव, पहिल्या जागी लिटर आणि दुसऱ्या जागी दर असतो, आणि इथेही ती अक्षरेच असल्याने 'फ्लोट' लागते. मग 'पीवाय दूध डॉट पीवाय १.५ ६४' एवढी एकच ओळ पुरते, आणि तिच्यापुढे उजवीकडे तोंड असलेला कोन व फाइलचे नाव दिले की पडद्यावर जायचे ते त्या फाइलमध्ये जाते. असे करताना विंडोजवर 'युनिकोड एन्कोड एरर' येण्याचा संभव आहे, कारण पडद्याऐवजी फाइलकडे लिहिताना पायथन संगणकाचे जुने अक्षरकोष्टक वापरते आणि त्यात देवनागरी नाही. 'पीवाय' नंतर जागा सोडून एक आडवी रेघ, तिला जोडून मोठा 'एक्स', मग जागा सोडून 'यूटीएफ८' लिहा आणि त्यापुढे बाकीची ओळ तशीच ठेवा; हा पर्याय पायथन ३.७ पासून आहे. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. मराठी शब्द तिथे नीट दिसतील.