कळलावीची वेल लावताय तर

भाऊ, डोंगरातून कंद उपटून आणू नका, रोपवाटिकेतून घ्या. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो, म्हणून तर संस्कृतात हिला लांगली म्हणतात. कोंब फक्त टोकाला फुटतो. ते टोक मोडलं की कंद वाया. माझे पहिले दोन असेच गेले. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाणी तुंबून तो सडतो, त्यात निम्मी मुरूम-वाळू घाला. मिरगाच्या आधी चार बोटं खोल, आडवा ठेवा. शेजारी काटकी रोवा; पानांची टोकंच वळून तिला धरतात. दिवाळीनंतर वेल वाळेल, तेव्हा पाणी बंद. मेली समजून कुंडी उपडी करू नका! आणि हो, सगळी वेल विषारी, कंद तर फारच. रताळ्याच्या टोपलीजवळसुद्धा ठेवू नका.