स्फटिकाला दिशा नसते, तोंड असतं

नाशिकहून प्रश्न आलाय: सेंद्रिय (म्हणजे कार्बनी रेणूंच्या) अर्धवाहकांबद्दल मराठीत लिहिताना ‘क्रिस्टल ओरिएंटेशन’ला (स्फटिक कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय त्याला) ‘दिशा’ म्हणावं की ‘अभिमुखता’?

‘दिशा’ मुळीच नको. ‘स्फटिकांची दिशा बदलली की प्रवाहाची दिशा सुधारते’ असली वाक्यं वाचून डोकं उठतं. कुठली दिशा कुणाची? रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणवाहिनी होते, ती दिशा. तिथल्याच दुतोंड्या मारुतीची तोंडं ज्या बाजूंना आहेत, ती अभिमुखता. विद्युतभार वाहतो, स्फटिक तोंड करून बसलेला असतो.

मुळात ‘ओरिएंटेशन’ हा शब्दच उगवतीकडे बघतो. लॅटिन ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवणारा, त्यावरून पूर्व. आणि आपलं पाहा! पूर्व म्हणजे पुढचं, पश्चिम म्हणजे मागचं, दक्षिण म्हणजे उजवं. प्रदक्षिणेत देव ज्या हाताला ठेवतो तेच हे दक्षिण. सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावरून आपल्या दिशांना नावं पडली. आधी तोंड, मग दिशा.

काही परिभाषाकार ‘दिग्विन्यास’चा आग्रह धरतात, तो मला अजिबात मान्य नाही. विन्यास म्हणजे मांडणी, तिला अनेक वस्तू लागतात. एकट्या स्फटिकाचा विन्यास कसला? थरातल्या असंख्य कणांची तोंडं कशी विखुरलीत, एवढ्यापुरता तो शब्द राखून ठेवावा.

‘अभिमुख’चा खरा गुण असा की तो लगेच विचारायला लावतो: कशाला अभिमुख? लोकाभिमुख, ग्रामाभिमुख. नुसती ‘अभिमुखता चांगली आहे’ हे अर्धं वाक्य झालं, आणि इथे अर्ध्या वाक्याने अर्थ पार उलटतो. पी३एचटी, म्हणजे पॉली(३-हेक्झिलथायोफीन), हा अर्धवाहक पॉलिमर घ्या. त्याच्या रेणूतल्या अणूंच्या सपाट कड्या सुमारे ०.३८ नॅनोमीटर अंतराने एकीवर एक रचलेल्या असतात. त्या चळतीतून भार बऱ्यापैकी सरकतो. कड्यांना लागलेल्या हेक्झिल शेपट्यांच्या (कार्बनच्या छोट्या साखळ्यांच्या) बाजूने मात्र थरांमधलं अंतर सुमारे १.६ नॅनोमीटर आणि मध्ये सगळा विद्युतरोधक भाग, म्हणून भार तिथे अडतो. कड्या पृष्ठभागावर उभ्या असतील (एज-ऑन) तर चळत आडवी पसरते आणि ट्रान्झिस्टरला ते हवंच असतं, कारण त्यातला प्रवाह विद्युतरोधकाला लागून असलेल्या मोजक्या नॅनोमीटरमधून आडवाच जातो. सौरघटात भाराला थर उभा ओलांडायचा असतो, तिथे कड्या निजलेल्या (फेस-ऑन) बऱ्या. भौतिकशास्त्रज्ञ सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलेला या दोन प्रकारच्या थरांमधल्या मोबिलिटीचा (भार किती सहज सरकतो त्याच्या मापाचा) फरक शंभरपटीहून जास्त होता.

उभ्या कड्या हव्या असतील तर शेपट्यांची जोडणी नियमित असलेला पॉलिमर घ्यावा, खालच्या सिलिकॉन डायऑक्साइड या विद्युतरोधकावर ओटीएसचा (ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन या पाणी झटकणाऱ्या रसायनाचा) लेप द्यावा आणि थर सावकाश वाळू द्यावा. ओटीएस लावताना हवेत दमटपणा फार असेल तर त्याच्या गुठळ्या बसतात आणि वरचा थर बिघडतो. क्लोरोफॉर्म झटकन उडतं, कड्यांना रचायला वेळ मिळत नाही. ट्रायक्लोरोबेन्झीनसारखं जास्त उत्कलनबिंदूचं द्रावक तो वेळ देतं.

तेव्हा लिहायचं ते असं: ‘कड्यांची प्रतलं पृष्ठभागाला लंब’. क्ष-किरण विवर्तनात (१००) शिखर, म्हणजे शेपट्यांच्या बाजूच्या अंतराची खूण, थराला लंब रेषेवर दिसलं तर कड्या उभ्या, तिथे (०१०), म्हणजे चळतीच्या अंतराची खूण, दिसलं तर निजलेल्या. एवढ्यावर थांबू मात्र नका. उभ्या कड्यांचे कणही थराच्या प्रतलात वाटेल तसे फिरलेले असू शकतात आणि त्यांच्या सीमांवर भार अडकतो, म्हणून ट्रान्झिस्टरच्या सोर्स आणि ड्रेन या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला चळत कशी आहे, हे वेगळं नोंदवावं.