वाचकांचे प्रश्न : पडलेल्या शहराचा राडारोडा

प्रश्न : बॉम्बहल्ल्यात घरं पडली तरी विटा तिथेच असतात. मग त्याच वापरून नवी घरं का बांधत नाहीत?

उत्तर : बांधतात, फक्त वीट कशात बसवलेली होती ते आधी बघावं लागतं. चुन्यातलं बांधकाम असेल तर काम सोपं. चुना विटेपेक्षा मऊ. हातोडीने हलके ठोकलं की तो सुटतो आणि वीट अखंड हाती येते. १९४५ नंतर जर्मन शहरांत बायका रांगेने बसून हेच करत होत्या. सिमेंटमधली वीट मात्र सांध्यातून सुटण्याआधी स्वतःच फुटते. तिची काँक्रीटसाठी खडीच करायची.

आणि खडीत दोन ठिकाणी फसगत होते. विटेची खडी पाणी पिते. आधी भिजवून घेतली नाही तर मिश्रणातलंच पाणी ओढते आणि काँक्रीट ओतण्याआधीच घट्ट होऊन बसतं. दुसरी चूक उशिरा कळते. जिप्समचा गिलावा खडीत राहिला तर त्यातल्या सल्फेटची सिमेंटशी प्रक्रिया होते, काँक्रीट आतून फुगतं, तडकतं. या गिलाव्याची पूड होते, म्हणून खडी चाळून खालचा बारीक चुरा टाकून द्यायचा. तो फुकटचा दिसतो, वाळूऐवजी ढकलायचा मोह होतो, तिथेच घात.

वॉर्सात नाझींनी ज्यूंची वस्ती १९४३ मध्ये जमीनदोस्त केली. तिथल्या मुरानुव वसाहतीत राडारोडा उपसत बसण्याऐवजी त्याच्याच उंचवट्यांवर इमारती उभारल्या, त्याही राडारोड्याच्या काँक्रीटच्या. म्हणून तिथे काही घरांच्या दारापर्यंत रस्त्यावरून पायऱ्या चढून जावं लागतं.

प्रश्न : जर्मनीत अजून बॉम्ब सापडतात. इतक्या वर्षांत गंजून ते निकामी होत नाहीत?

उत्तर : गंजतं ते कवच, आतली स्फोटकं शाबूत असतात. सर्वांत वाईट ते उशिरा फुटण्यासाठी बनवलेले. त्यांत अ‍ॅसिटोनची काचेची कुपी असते. ती फुटली की अ‍ॅसिटोन सेल्युलॉइड या प्लास्टिकची चकती विरघळवतं, चकतीने अडवलेली टाचणी सुटते आणि बॉम्ब फुटतो. पण मऊ जमिनीत घुसताना बॉम्ब वळून नाक वर करून थांबला तर अ‍ॅसिटोन चकतीपासून दूर ओघळतं. चकती अर्धवट टिकते, वर्षानुवर्षं ठिसूळ होत जाते. गॉटिंगेनला २०१० मध्ये असाच एक बॉम्ब निकामी करण्याच्या तयारीत असतानाच फुटला. पथकातले तिघे गेले.

शोध सुरू होतो तो युद्धकाळात विमानातून काढलेल्या छायाचित्रांपासून. मोठा खड्डा म्हणजे बॉम्ब फुटला. शोधायचं ते शेजारचं बारीक भोक, न फुटता आत घुसलेल्या बॉम्बचं. मग लोखंड ओळखणारं यंत्र. मात्र भराव राडारोड्याचा असेल तर सळया आणि पाइपांचे तुकडे इतके असतात की वरून फिरवलेलं यंत्र सगळीकडेच इशारा देतं. अशा जागी ठरावीक अंतरावर खोल भोकं पाडतात, त्यांत प्लास्टिकचे पाइप बसवतात आणि यंत्र आतून खाली सोडतात.