आधी बाईंचा पगार

प्रिय मित्रा,

शाळेतल्या पोरांच्या सकाळच्या नाश्त्याच्या खर्चाची तुझी शीट नीट पाहिली. रवा, डाळ, तेल, अंडी, गॅस, जीपभाडं, सगळं चोख मांडलंयस. शेवटच्या ओळीत स्वयंपाकी दोन होत्या, तिथं पैसे देणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून तू एक केलंस आणि मला विचारतोस, "ताई, दोघींपैकी कुणाला आणि कसं सांगू?" दुसऱ्या मेलमध्ये त्याच्याही पुढं गेलास. म्हणे, दुसऱ्या बाईंना स्वयंसेवक म्हणून ठेवता येईल का?

नाही. कुणालाच सांगायचं नाही, कसंही सांगायचं नाही. ती ओळ शेवटून उचल आणि सगळ्यात वर नेऊन ठेव. आधी बाईंचा पगार, मग डाळ.

ताईंचं हे नेहमीचंच, असं म्हणशील. हो, नेहमीचंच. इथं पालघरच्या मोखाड्यात माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकानं हे ऐकलंय आणि बहुतेकांनी मान हलवून पुन्हा डाळच वर लिहिलीय.

पहिल्यांदा तुझ्या कंपनीच्या साहेबांचं. स्वयंपाकिणींचा पगार हा प्रशासकीय खर्च, आणि तो ५ टक्क्यांच्या वर कायद्यानं नेता येत नाही, असं ते म्हणाले आणि तू ऐकून घेतलंस. इंजिनीअर ना रे तू? नियम उघडून वाचायचास. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५ आणि त्याखालचे नियम. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीनं स्वतःच्या सीएसआर, म्हणजे नफ्यातून करायच्या समाजकार्याच्या, विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत स्वच्छ म्हटलंय की एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट झालेला खर्च त्यात धरायचा नाही. पहाटे चूल पेटवून साठ पोरांचा उपमा ढवळणं ही अंमलबजावणी नाही तर काय आहे? त्यांचा कारभार त्यांच्या टक्क्यात बसवायला आपल्या बाया कशाला कापायच्या? हे त्यांना लेखी विचार. नम्रपणे विचार, पण लेखीच विचार.

आता तो 'ताटामागे खर्च'. दोघी बाया, प्रत्येकी ५ हजार, साठ मुलं, महिन्याचे २५ दिवस. ताटामागे पावणेसात रुपयांच्या आत. एक बाई काढलीस की सव्वातीन रुपये वाचल्यासारखे दिसतात आणि अहवालात तुझं ताट एकदम स्वस्त होतं. शालेय पोषण आहाराचे सरकारी निकष काढून बघ. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, २६ ते १०० पर्यंत दोन. आणि हे सरकार काही उदार नाही हं. केंद्रानं २००९ मध्ये त्यांना महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. आपल्या राज्यानं भर घालत घालत ते २५०० वर आणलेत. इतक्या चिक्कू हातालासुद्धा साठ मुलांमागं दोन बाया लागतात हे कळतं.

सव्वातीन रुपयांत काय जातं ते तुला दिसत नाही, कारण तू शाळेत पोचतोस तोवर अंडी सोलून झालेली असतात. राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात अंडं आणलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकसहभागातून द्यावं म्हणून सांगितलं. तेव्हापासून अंड्याला देणगीदार मिळतात. मिळू देत. अंडं मोजता येतं, फोटोत पांढरंशुभ्र दिसतं. पण एकदा सकाळी सहाला जाऊन बस त्या पातेल्यापाशी. साठ अंडी उकडायला फार वेळ लागत नाही, सोलायला लागतो. ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला चिकटून निघतं, बारीक कपच्या ओल्या बोटांना टोचतात. सोललेलं प्रत्येक अंडं पुन्हा पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिलीतल्या पोराच्या दाताखाली कपची येते आणि पुढच्या आठवड्यात ते पोर अंड्याला हात लावत नाही. तोवर तिकडे उपमा खाली लागत असतो, आणि हंडे भरायचे राहिलेले असतात. एकटी बाई यातलं काय सोडेल? ती पाण्यातून काढणं सोडेल, भांडी एका पाण्यात उरकेल. तिनं तसं केलं तर मी तिला बोल लावणार नाही, तुला लावीन.

आणि भांडी एका पाण्यात उरकणं हे काही सगळ्यात वाईट नव्हे. १६ जुलै २०१३, बिहारचा सारण जिल्हा. शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाबद्दल स्वयंपाकीणबाईंना शंका आली होती, त्यांनी ती बोलूनही दाखवली होती, तरी त्याच तेलात रांधायला लावलं, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. मी ते वाचलं तेव्हापासून माझा हट्ट दुप्पट झाला. डब्याचं झाकण उघडल्यावर पहिला वास जातो तो बाईंच्या नाकात. तुझ्या, माझ्या, कंपनीच्या नाही. मास्तरांनी चव घ्यायचा नियम आहे, चांगला आहे, पण ती चव शिजल्यावर. "हे तेल मी कढईत ओतणार नाही" असं म्हणायला बाईच्या पायाखाली काहीतरी लागतं. दोन महिने पगार थकलेली बाई, उद्या काढतील या भीतीतली बाई, स्वयंसेवक म्हणून उपकारावर ठेवलेली बाई हे म्हणेल? म्हणून पुन्हा सांगते, आधी बाईंचा पगार. हा पोरांच्या जिवाचाच खर्च आहे, दयेचा नाही.

तुला पटत असणार हे सगळं, मला माहीत आहे. तू वाईट मुलगा असतास तर मेल केली नसतीस, परस्पर एकीला काढून मोकळा झाला असतास. म्हणून तर इतकं लिहिते आहे. पटूनही आपण हे का करतो ते सांगते. जूनमध्ये शाळा उघडते आणि कंपनीचा पहिला हप्ता ऑगस्टपर्यंत रेंगाळतो. मधल्या काळात किराणावाला फोनवर फोन करतो, त्याला काहीतरी टेकवावं लागतं. गॅसवाला पैसे मिळाल्याशिवाय सिलिंडर उतरवत नाही. जीपवाला तर तुझ्या दारातच उभा. ओरडत नाहीत त्या फक्त बाया. "असू द्या भाऊ, आलं की द्या." मग आपण काय करतो? जो ओरडतो त्याला देतो आणि जी ओरडत नाही तिच्याकडून उसनं घेतो. दोन महिने तुझा कार्यक्रम तिच्या पैशावर चालतो, आणि वार्षिक अहवालात आभार कंपनीचे. निदान तीन महिन्यांच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात टाक, आणि डाळ संपली तरी तिला हात लावू नकोस. डाळीला उधारी मिळते.

दिवाळीनंतरचंही ऐक. भात झोडपून झालं की पाडे रिकामे होतात, माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात, पोरं त्यांच्याबरोबर. पटावर साठ, ताटावर पस्तीस. साहेब म्हणणार, आता तरी एक बाई कमी करा. तिथंच गंमत आहे. पगार नियमित असेल तर बाई मुकादमाची उचल घेत नाही, पाड्यावर राहते, आणि तिची स्वतःची पोरं शाळेत राहतात. तिची जाऊ आपलं पोर तिच्याकडं ठेवून जाते, कारण इथं सकाळचं खाणं नक्की आहे. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कधी समजलं नाही. पण दिवाळीनंतर पगार तोडून बघ, पस्तीसाची पंचवीस कशी होतात ते तुला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

आता तू मनात म्हणत असशील ते मीच लिहिते. ताईंच्या हट्टापायी मोठा देणगीदार गेला आणि काही पाड्यांवरचा नाश्ता बंद पडला. तुझ्या आधीच्यांनी तुला सांगितलंच असेल. खरं आहे. त्या देणगीदारांनीही हेच मागितलं होतं. अर्ध्या बाया, पूर्ण ताटं. मी नाही म्हटलं, ते गेले. जिथं दुसरा पैसा उभा राहिला तिथं चूल चालू राहिली, दोन ठिकाणी नाही राहिली. तिथं मी आजही जाते. एक म्हातारी अजून माझ्याशी धड बोलत नाही, तिचा नातू तेव्हा दुसरीत होता. मला त्याचं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण माझं गणित चुकलं होतं असं मला कुणी दाखवून दिलेलं नाही. 'पोरांच्या तोंडचा घास तुम्ही काढलात' असं एका बैठकीत मला तोंडावर सांगितलं गेलं. मी काढला? पैसा ज्याच्या हातात होता तो उठून गेला, आणि घास काढला मी? दहा हजारांसाठी अडून बसणारा तो की मी? हे मी तेव्हा बोलले नाही, गप्प बसले. ते मात्र आजही खुपतं. तुला तरी बोलता यावं म्हणून कलमासकट लिहिलंय.

तर काम सांगते. शीटमध्ये पगाराची ओळ वर घे, दोन स्वयंपाकी, बारा महिने. मे महिनासुद्धा धर, सुट्टीत त्यांच्या घरची चूल बंद नसते. पगार दर महिन्याच्या ५ तारखेला थेट खात्यात, आणि खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आहे ना, हे पासबुक बघून खात्री करून घे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोघींना बोलाव आणि ही शीट मराठीत वाचून दाखव. कंपनीला पत्र पाठवायच्या आधी मला दाखव, तुझ्या इंग्रजीत 'कृपया' फार असतात.

आणि जून जवळ आलाय, सिलिंडर आत्ताच चढवून ठेव. पाऊस लागला की गाडी घाटात अडकते, मग बाया ओल्या लाकडावर धूर खात बसतात.

तुझी,
ताई