दादाची तुलना दादाशीच कर

तुझा मेसेज वाचला. दादाला डाउन सिंड्रोम आहे, तो ३९ चा झालाय, हल्ली सकाळी वर्कशॉपला निघायचं म्हटलं की पलंगावर बसून राहतो, आणि तू रात्रभर नेटवर वाचून ठरवून टाकलंस की हा डिमेन्शियाच, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार. थांब जरा.

भीती खोटी नाहीये, ते आधी सांगते. डाउन सिंड्रोममध्ये २१ नंबरचं क्रोमोसोम तीनदा असतं, आणि अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचं सगळ्यात कॉमन कारण) मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रोटीनपासून बनतं त्याचा एपीपी नावाचा जीन नेमका त्याच क्रोमोसोमवर, म्हणजे जन्मापासूनच ते जास्त बनत राहतं. चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडतात. १९९८ मध्ये ७८ वर्षांच्या एका बाईंची केस छापून आली होती, त्यांना डाउन सिंड्रोम होता पण क्रोमोसोमचा तो एपीपीवाला तुकडा जास्तीचा नव्हता, आणि त्यांच्या मेंदूत अल्झायमर नव्हता! इतका सरळ संबंध आहे.

पण खुणा असणं वेगळं आणि आजार दिसायला लागणं वेगळं. निदान साधारण पन्नाशी ओलांडल्यावर होतं, चाळिशीच्या आत क्वचितच. म्हणून ३९ ला कोणी पटकन डिमेन्शिया म्हणाला तर मी आधी विचारेन की बाकी काय काय तपासलंत. थायरॉईड केलंय का? रात्री घोरताना श्वास अडकतो का (स्लीप ॲप्निया यांच्यात फार कॉमन, आणि झोप झाली नाही तर कोण उठेल सकाळी), कानात मळ, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, बी १२, डिप्रेशन. चाल बदलली असेल तर मान पण बघायला सांग, यांच्यात मानेचा सांधा सैल असू शकतो. शिवाय दुखतंय हे तो तोंडाने सांगेलच असं नाही. आणि बाबांना जाऊन वर्षही झालं नाही रे, त्याला काय कळतंय असं घरात सगळे म्हणतात, तू नको म्हणूस. यातलं बरंचसं बरं होतं, म्हणून तर आधी ते बघायचं.

उलटं पण होईल, कोणीतरी म्हणेल "डाउन्स आहे ना, मग असं होणारच". ते ऐकून घरी यायचं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेसारख्या देशांत यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आता साठीच्या जवळ गेलंय, त्यामुळे म्हातारपणातला डाउन सिंड्रोम बघितलेले डॉक्टर अजून कमीच आहेत.

आता तुझं काम. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, असल्या टेस्टचा त्याला उपयोग नाही, ते त्याला विशीतही येत नव्हतं. म्हणून आज त्याला जे जमतंय त्याचे व्हिडिओ काढून ठेव. शर्टाची बटणं लावताना, जिना उतरताना, फोन लावताना, एखादी गोष्ट सांगताना. त्याला विचारून काढ हां. दर वाढदिवसाला परत तेच. चाळिशीपासून दरवर्षी डॉक्टरांकडून हे तपासून घ्यायचंय, तेव्हा तुलनेला काहीतरी हातात हवं, नाहीतर सगळे "आधी बरं करायचा वाटतं" यावर येतात. आणि फक्त विसरण्याकडे बघू नकोस, यांच्यात सुरुवात पुष्कळदा हट्ट, चिडचिड, गप्प होणं, कामाचा क्रम चुकणं अशी होते. हो, म्हणजे पलंगावर बसणंसुद्धा त्यात येऊ शकतं, म्हणूनच नोंद ठेवायची. हातपाय अचानक झटकायला लागले, फिट आली, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

मेंदूतलं अमायलॉइड काढणाऱ्या नवीन इंजेक्शनांबद्दल विचारलंस. त्यांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये डाउन सिंड्रोमवाले घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यावर सध्या डोकं घालवू नकोस.

आधी थायरॉईड आणि कान, याच आठवड्यात. डॉक्टर तुझ्याकडे बघून प्रश्न विचारतील, तू दादाकडे बघ, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो तो लागू दे. रिपोर्ट आले की पाठव.